मोठा लाइट

शुक्रवारी रात्री फोनवर नुझत विचारते,
पप्पा, शँडेलिअर म्हणजे काय, माहितीये?
नवी शाळा, सोमवारी दहा शब्दांची परीक्षा,
सातव्यावर गाडी अडलीय.

तूच सांग, म्हणतो मी.
खोलीत सहा खाटा, एसीची घरघर,
खालच्या खाटेवर शाजी घोरतोय.
एका कानात बोट घालून ऐकतो:
छताला लोंबतं, पुष्कळ दिवे, पुष्कळ काच,
राजाच्या घरी असतं.
पुस्तकातलं चित्र ती कॅमेऱ्यापुढे धरते.
हलतंय गं. जरा लांब धर. हां.

अगं, हा तर मोठा लाइट!

सोहारच्या लग्नाच्या हॉलमध्ये
अकरा वर्षं मी हाच पुसतोय.
रमजानच्या आधी एकदा,
थंडीतली लग्नं सुरू व्हायच्या आधी एकदा,
परात बांधून चढायचं,
एकेक लोलक उतरवायचा,
कोमट पाणी, व्हिनेगर, सुती फडकं,
आणि परत त्याच्याच हुकात.
दोन हजार एकशे बारा.
आकडा पाठ आहे, कारण एक फुटला
की तीन रियाल पगारातून.
त्याला नाव असेल असं कधी वाटलंच नाही.
शाजी म्हणतो बडा लाइट, मीही तेच.

सी, एच, पण म्हणायचं श.
का? ते फ्रेंच आहे, टीचर म्हणाल्या.
मग कंपनीच्या बसमध्ये मी घोकत बसतो,
सी एच ए एन, डी ई एल, आय ई आर,
खिडकीबाहेर खजुराच्या बागा, पाण्याचे टँकर,
डी ई एलपाशी दरवेळी ठेच लागते.
कामाच्या चिठ्ठीवर पहिल्यांदाच मी ती दहा अक्षरं लिहिली.
ऑफिसातल्या रोझारिओने वाचली, खोडली.
कॉम्प्युटरमध्ये असं काही नाही, म्हणाला,
लाइट, लार्ज, एवढंच आहे.

मंगळवारी वरून खाली उतरताना पुटपुटत होतो.
रखवालदार खल्फान दारात चहा पीत होता.
वर बोट करून म्हणाला, सुरैया.
मी दचकलो.
माझ्या आईचं नाव इथे याला कुणी सांगितलं?

त्याने समजावलं, निम्मं हिंदीत, निम्मं हातांनी:
अरबीत याला सुरैया म्हणतात.
मग मनगट धरून मला पार्किंगमध्ये नेलं.
गोदामाच्या पत्र्यावर नुकता वर आलेला
बारीक चांदण्यांचा झुबका.
तीही सुरैया, म्हणाला.

आमच्या त्या कृत्तिका.
हर्णैत मामा तांडेल होता,
अर्ध्या रात्री त्यांच्याकडे बघून वेळ सांगायचा
आणि वेळ चुकली तर ढगांना शिव्या.
आणि त्याची बहीण,
गावभर जिला सुरैया म्हणून हाक मारत,
तिच्या घरात चाळीसचा एकच बल्ब होता.
भिंतीला भोक पाडून त्यात बसवलेला,
म्हणजे चुलीपाशीही उजेड आणि ओटीवरही.
त्याच्याखाली बसून ती सुकट निवडायची.
नाव कशाचं आहे, तिला ठाऊक होतं?
ज्यांनी ठेवलं त्यांना?
आता विचारायला दोघांतलं कुणी नाही.

नुझतला दहापैकी नऊ.
चुकलेला कुठला, ती सांगत नाही.
हे मीही तिला अजून सांगितलेलं नाही,
फोनवर सांगायची गोष्ट नाही ही,
आणि रजा मार्चशिवाय मिळत नाही.

बुधवारी काम संपलं. परात उतरवली.
टेस्टिंग दहा मिनिटं असतं, नियमच आहे.
शाजी बोर्डापाशी, बटन दाबलं,
दोनशे चाळीस दिवे एकदम.
रिकाम्या खुर्च्या, गुंडाळलेले गालिचे,
आमच्या चपला दाराशी,
सगळ्यावर सांडला तो उजेड.

बडा लाइट ओके? शाजी ओरडला.
ओके, म्हणालो.

खाली कुणीच नव्हतं बघायला.
ती असती तर तिने मान वर करून
घटकाभर पाहिलं असतं,
आणि म्हणाली असती,
इद्रिस, बंद कर रे, बिल येतं.